जागा उरली तर

(मिनियापोलिसचा विमानतळ, दुपारची वेळ. मिसूलाला जाणाऱ्या विमानाच्या गेटसमोर, खुर्च्यांच्या अगदी शेवटच्या रांगेत ड्वेन आणि मार्लिस हे म्हातारं जोडपं. पलीकडे काउंटरवर विमान कंपनीची होदन.)

ड्वेन : काउंटरकडे बघू नकोस.

मार्लिस : मी घड्याळाकडे बघतेय. ते नेमकं काउंटरच्या वर टांगलंय, त्याला मी काय करू?

ड्वेन : तिला वाटेल आपल्याला घाई आहे.

मार्लिस : आपल्याला घाई आहेच, ड्वेन. उद्या पोराचं लग्न आहे.

ड्वेन : असू दे. चेहऱ्यावर दिसायला नको. फुकट जाणाऱ्याने भिंतीवरच्या चित्रासारखं बसावं. कुणाचं लक्ष गेलं तर छान, नाही गेलं तरी तक्रार नाही.

मार्लिस : चित्राला बूट चावत नाहीत. चर्चलासुद्धा मी हे बूट घालत नाही.

ड्वेन : कंपनीच्या नावावर प्रवास करतो आपण. नीटनेटकं नको दिसायला?

मार्लिस : तू रिटायर झालास तेव्हाचे साहेबसुद्धा रिटायर झाले. कंपनीला तुझं नाव तरी आठवतं का?

ड्वेन : स्क्रीनवर बघ ना. स्टँडबायची यादी, जागा उरली तर जाणाऱ्यांची. पहिलं नाव हालवर्सन, दुसरं हालवर्सन. आपल्या पुढे कुणी नाही.

मार्लिस : चर्चच्या जेवणात सगळे जेवून उठल्यावर भांडं खरवडायला आपला पहिला नंबर. तसं झालं हे.

ड्वेन : खरवड छान लागते.

मार्लिस : उरली तर.

ड्वेन : परवा बघितलं तेव्हा बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. काल अचानक कमी झाल्या. हे तिकीट काढणारे लोक असे मधेच येतात.

मार्लिस : विमानं त्यांच्यासाठीच उडवतात म्हणे.

ड्वेन : तसं मी काही वाईट म्हणत नाही त्यांना.

मार्लिस : आपणही काढली असती दोन तिकिटं, तर काय आभाळ कोसळलं असतं?

ड्वेन : झालं तुझं सुरू.

मार्लिस : नुसतं विचारतेय.

ड्वेन : मार्लिस, अख्खी नोकरी मी विमानांच्या इंजिनाखाली उताणं झोपून काढली. जानेवारीच्या बर्फात हँगरचं दार उघडं असायचं, पाना हाताला चिकटायचा, कातडी घेऊनच सुटायचा. त्याच्या बदल्यात त्यांनी सांगितलं, ड्वेन, जन्मभर कुठेही जा, जागा उरली तर. आता मी तिकीट विकत घ्यायचं म्हणजे बेकरीवाल्याने दुसऱ्या दुकानातून पाव आणायचा.

मार्लिस : घरातला पाव संपला तर आणतोच की तो. पोरांना उपाशी थोडंच ठेवतो?

ड्वेन : आपली पोरं कुठे उपाशी राहिली? हवाई दाखवलं त्यांना. दोनदा.

मार्लिस : हवाईला नेहमी जागा असायची. हवाईत आपलं कोण होतं? कुणी नाही. ट्रॉयच्या पदवीदानाच्या दिवशी आपण कुठे होतो? शिकागोच्या विमानतळावर. माझ्या बहिणीला पुरलं तेव्हा? डेट्रॉइटच्या. जिथे कुणी वाट बघत नव्हतं तिथे सगळीकडे जाऊन आलो आपण.

ड्वेन : ट्रॉयच्या पहिल्या लग्नाचं राहिलं तुझं.

मार्लिस : ते तू काढ म्हणून थांबले होते.

ड्वेन : ते लग्न टिकलं कुठे?

मार्लिस : म्हणजे बापाने ते आधीच ओळखलं होतं, असं सांगू त्याला? डेन्व्हरला तुझं नाव पुकारलं होतं, ड्वेन. तुझ्या हातात जागा दिली होती. ती तू एका अकॉर्डियनवाल्याला देऊन टाकलीस.

ड्वेन : त्याला संध्याकाळी वाजवायचं होतं. फार काकुळतीला आला होता.

मार्लिस : कुठे वाजवायचं होतं?

ड्वेन : जाऊ दे ना.

मार्लिस : दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नात. त्या लग्नाला संगीत मिळालं, आपल्या ट्रॉयच्या लग्नाला नवरदेवाचा बाप मिळाला नाही.

ड्वेन : मी जरा त्या पोरीकडे जाऊन येतो. शेल्बी नाव तिचं. बघ, बाळ किती किरकिरतंय. नवरा इथेच सामान चढवतो, तीही आपल्यासारखी स्टँडबाय. दुधाची बाटली गरम करून आणू का विचारतो.

मार्लिस : जा. तुझ्यासारखं चित्र भिंतीवर फार वेळ टिकत नाही.

(ड्वेन जातो. मार्लिस काउंटरकडे.)

मार्लिस : ऐकलंस का गं? होदन ना? बिल्ल्यावर वाचलं.

होदन : हो, आजी. बोला.

मार्लिस : आजी नको म्हणू. उद्याच्या लग्नातून काही निघालं तर पुढच्या वर्षी म्हण. मी हालवर्सन.

होदन : हालवर्सन... थांबा हं. तुम्ही यादीत वरच आहात. पण आज स्टँडबायमधलं कुणी जाईल असं वाटत नाही. विमान छोटं, एकूण एक जागा विकली गेलीय. अरे. तुम्ही इथेही आहात की. बारा ए आणि बारा बी. ही तर पक्की तिकिटं आहेत.

मार्लिस : हळू बोल.

होदन : तिकीट असून तुम्ही तिकडे कोपऱ्यात का बसलात?

मार्लिस : त्याला माहीत नाही. माझ्या गोधड्या विकल्या आणि काल तिकिटं काढली. शेवटच्या दोनच जागा उरल्या होत्या.

होदन : नवऱ्यापासून लपवून दागिने घेणाऱ्या बायका मला माहीत आहेत.

मार्लिस : दागिन्यांवर तो एवढा दुखावला नसता. तू एक करशील का? थोड्या वेळाने आमचं नाव पुकार. जागा उरल्यावर पुकारतात ना, तसं.

होदन : मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण गणवेशात नाही.

मार्लिस : खोटं कुठे सांगतेय? नाव आमचं, जागा आमची. तू नुसती हाक मार. बाकीचं खोटं तो स्वतःचं स्वतःच बोलेल.

होदन : माझी आई माझ्या नोकरीच्या फुकट पासवर मावशीकडे कोलंबसला जाते. दर वेळी सांबुसांचा, म्हणजे आमच्या समोशांचा, डबा घेऊन गेटवर उभी. मी बजावते, अम्मा, हे लाच दिल्यासारखं दिसतं. ती म्हणते, मग मला जागा कशी मिळते?

मार्लिस : मी लिंबाच्या वड्या आणल्यात. पण त्या लग्नासाठी आहेत.

होदन : नको हो. जा, बसा. आणि चेहरा जरा चिंतेत ठेवा, नाहीतर ओळखतील.

मार्लिस : आला बघ तो. चिंता आपोआप येईल.

ड्वेन : काय म्हणाली ती? तू काउंटरवर जाऊन विचारलंस की काय?

मार्लिस : बाथरूम कुठे आहे ते विचारलं.

ड्वेन : तुला माहीत आहे की ती.

मार्लिस : मला उत्तर ऐकायला आवडतं. बाळाचं काय?

ड्वेन : दूध पिऊन झोपलं. चार महिन्यांचं आहे. तिची आई आता मिसूलाला असते, तिने अजून बघितलेलंच नाही त्याला. काल दिवसभर बसून परत गेली पोरगी.

होदन : हालवर्सन, दोन प्रवासी. काउंटरवर या, प्लीज.

ड्वेन : ऐकलंस? बघ. मी म्हणत नव्हतो? धीर धरला की खरवडसुद्धा मिळते.

मार्लिस : खरं आहे तुझं. चल.

ड्वेन : पळू नकोस गं. सावकाश.

होदन : या सर. हे तुमचे बोर्डिंग पास. बारा ए, बारा बी.

ड्वेन : शेजारी शेजारी? उरलेल्या जागा अशा जोडीने उरतात?

होदन : आज अशा आहेत.

ड्वेन : छानच. पण असं करा, एक माझ्या बायकोला द्या आणि दुसरी तिकडे शेल्बीला. तिसऱ्या नंबरवर आहे ती. बाळ मांडीवर बसेल. मी उद्या सकाळचं बघतो.

मार्लिस : ड्वेन.

होदन : सर, तुमचं नाव पुकारलंय. घ्या.

ड्वेन : नको नको. मला कसली घाई.

होदन : सर, मी लहानपणापासून मिनेसोटातच आहे. इथे कॉफी विचारली तरी माणूस दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा कप पुढे करतो. मी तिसऱ्यांदा विचारतेय. घ्या.

ड्वेन : नाही हो, हे तसलं नको नाही. मनापासून म्हणतोय. तिला द्या.

मार्लिस : ते द्यायला तुझं नाही, ड्वेन. विकत घेतलंय ते.

ड्वेन : काय?

मार्लिस : तिकीट. दोन्ही. मी काल काढली. जागाबिगा काही उरलेली नाही.

ड्वेन : तू तिकीट काढलंस?

मार्लिस : हो.

ड्वेन : पूर्ण भाड्याचं?

मार्लिस : अर्ध्या भाड्यात अर्धाच नवरा नेतात.

ड्वेन : आणि तुम्हाला हे माहीत होतं, बाई?

होदन : मी फक्त नाव पुकारलं, सर.

ड्वेन : मी इथे सकाळपासून टाय लावून बसलोय.

मार्लिस : छान दिसतोयस. लग्नातही हाच लाव.

ड्वेन : हसू नकोस, मार्लिस. मला एका शब्दाने विचारायचं होतंस.

मार्लिस : विचारलं होतं. ईस्टरला विचारलं, मेमध्ये विचारलं, मगाशी त्या खुर्चीत बसून विचारलं. तू बेकरी सांगितलीस मला.

ड्वेन : ठीक आहे. मग एक तिकीट माझं ना? माझं असेल तर मी ते कुणालाही देईन.

मार्लिस : तिकीट दुसऱ्याला देता येत नाही. तू नाही गेलास तर जागा रिकामी होईल आणि ती मिळेल तिला. एवढं मलाही कळतं, मीही तुझ्याबरोबरच म्हातारी झालेय. दे. पण आधी ट्रॉय काय म्हणाला ते ऐक.

ड्वेन : काय म्हणाला?

मार्लिस : म्हणाला, आई, तू ये. बाबांची वाट बघायचं मी सोडलंय. बाबांना अनोळखी माणसं जास्त आवडतात.

ड्वेन : असं म्हणाला?

मार्लिस : रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर मी गोधड्या विकल्या नसत्या.

ड्वेन : मला आवडतात असं नाही गं. पण समोर कुणी अडचणीत बसलेलं असलं की माझ्याने उठून पुढे जाववत नाही.

मार्लिस : ट्रॉय समोर बसलेला नसतो ना, म्हणून दर वेळी त्याचंच राहतं. मी आत जाऊन बसते. तुला यायचं तर ये. पण या वेळी त्याला फोन तू करायचास. मी तुझ्यातर्फे गोड बोलणार नाही.

होदन : बाई, इकडून. सावकाश जा, पायरी आहे.

ड्वेन : गेली.

होदन : गेल्या, सर. तुम्हीही जा. मला दार लावायचंय.

ड्वेन : मी राहिलो तर शेल्बीला जागा नक्की मिळेल?

होदन : मिळेल. खोटं कशाला सांगू? तुम्ही दोघं यादीतून गेलात की तीच पहिली.

ड्वेन : आणि मी गेलो तर?

होदन : तर उद्या सकाळी पुन्हा. उद्याचं विमान मोठं आहे, बहुतेक जाईल ती. बहुतेक. हा शब्द तुम्हाला मी समजावायला नको.

ड्वेन : नको. मला चांगला येतो तो.

होदन : सर, एक बोलू का? चांगुलपणा करायचाच असेल तर उद्या करा. उद्या माझी सुट्टी आहे.

ड्वेन : तिच्याशी एक शब्द बोलून येतो. तिच्यासमोरून असंच कसं जाऊ?

होदन : एकच शब्द हं. वैमानिक माझ्याकडे बघायला लागलाय.

(विमानात, बारावी रांग.)

मार्लिस : आलास.

ड्वेन : आलो. बॅग वर ठेवू का तुझी?

मार्लिस : मघाशीच ठेवली. त्या उंच मुलाने ठेवून दिली.

ड्वेन : बरं केलं त्याने.

मार्लिस : बस आता. तो खुर्चीचा मधला हात तुझा. पैसे भरलेत त्याचे.

ड्वेन : अवघडल्यासारखं वाटतंय.

मार्लिस : सवय होईल. पाणीसुद्धा मागू शकतोस.

ड्वेन : एवढ्यात नको. मार्लिस, त्या गोधड्यांत ती निळी होती का? चांदण्यांची?

मार्लिस : होती.

ड्वेन : ती मला आवडायची.

मार्लिस : मला माहीत आहे. म्हणून तिचेच पैसे जास्त आले. ते जाऊ दे. त्या पोरीशी काय बोललास? दार लावत होते, मला वाटलं राहिलास.

ड्वेन : मी म्हटलं, माझी जागा घे. ती म्हणाली, नको, तुमच्या मुलाचं लग्न आहे.

मार्लिस : तिला कसं कळलं?

ड्वेन : बाटली गरम करताना सगळं सांगितलं होतं मीच. मग पुन्हा म्हटलं, खरंच घे, बाळ आहे तुझ्याजवळ. म्हणाली, नको हो, आम्ही उद्या जाऊ.

मार्लिस : कुठली आहे ती?

ड्वेन : बेमिजीची. आपल्या मिनेसोटाचीच.

मार्लिस : मग?

ड्वेन : मग काय? दोनदाच विचारलं आणि आत आलो.