वडिलाच्या नावाचा रकाना

हसू नका बे, मले अजूनही याची लाज वाटते. चिखलीच्या आमच्या कॉलेजात पोरायचे लॉगिन अन् ओळखपत्रं कॉम्प्युटरवर आणायचं काम माह्याकडे होतं. ऑनलाइन फॉर्म म्याच बनवला होता. वडिलाचं नाव भरल्याशिवाय तो पुढं सरकतच नव्हता.

अमडापूरची एक पोरगी खिडकीवर आली. म्हणे, "सर, फॉर्म पुढं जाऊन नाही राह्यला. मी मायचंच नाव लावतो."

म्या मान वर न करता सगळ्या लाइनीदेखत म्हटलं, "वडिलाचं नाव लागतेच. काहीही टाक अन् मोकळी हो."

तिनं खिडकीतून माह्याकडे पाह्यलं. मंग म्हणे, "तुमचं टाकू का, सर?"

लाइनीतले पोरं खो-खो हसले. ती नाही हसली. तिनं खरंच विचारलं होतं, अन् ती उत्तराची वाट पाहून राह्यली होती. म्या लाइनीतल्या पुढच्या पोराले बोलावलं.

ती अट म्या त्याच दुपारी काढून टाकली. पाच मिनिटाचं काम होतं. पण तिचं ओळखपत्र द्यायची वेळ आली, तवा म्या शिपायाले खिडकीवर बसवलं अन् मांगच्या खोलीत जाऊन उभा राह्यलो.