गुडघ्यातलं लोखंड

यवतमाळच्या एका दवाखान्यात वामनराव नंबरची वाट पाहत बसले होते. शेजारच्या बाकावर सुखीबाई अन् तिची लेक संगीता हळूहळू बोलत होत्या. सुखीबाईचा गुडघा बदलायचा होता.

संगीता आईला म्हणाली, “याडी, नकली माळेनं तुही मान सोलून निघालती. डॉक्टरनं कोणत्या धातूची अ‍ॅलर्जी आहे का इचारलं तवा नाही काहून म्हणलं?”

“हो म्हणलं तं माघारी धाडतीन. मोरीपर्यंत घसरत जा लागते मले.”

“माघारी नाही धाडत. पाठीले पट्ट्या लावून पाहतेत, कोणतं लोखंड अंगाले चालते ते.”

“अन् कोणतंच नाही चाललं तं?”

“दुसरं पाहतीन. पण लपवलं तं? माळ खाजली, तू काढून फेकली. गुडघ्यातलं कसं काढसीन?”

“असं नको बोलू वो. अंगावर काटा येते.”

दारातून हाक आली, “सुखीबाई राठोड!”

“तू आत काही बोलू नको. तुले माही शपथ.”

वामनरावांना राहवलं नाही.

“बाई, सांगून टाका. माह्या बायकोनं, कोकिळेनं, छातीतलं दुखणं असंच लपवलं. आता दवाखान्यात मी एकटाच येतो.”

सुखीबाईनं लेकीचा हात धरला.

“शपथ सुटली. चाल, तूच सांग. माह्या तोंडून निघत नाही.”