लांबची हाक

शिलाँगला सुमोच्या रांगेत माझ्यापुढे एक दुतारावाला आणि एक म्हातारी बोलत होती. खासी रीतीप्रमाणे ती त्याला ‘बाह’ म्हणजे दादा म्हणे, तो तिला ‘काँग’ म्हणजे ताई.

“बाह, गिटार-दुताऱ्याचा तुमचा तो बँड चार महिन्यांतच का मोडला?”

“तुमच्या गावात ऐकलेली धून मी गाण्यात घातली, काँग. तिथे आई प्रत्येक मुलाला हाक मारायला वेगळी धून देते, हे नंतर कळलं. ही धून ज्याची, तो मुलगा वारला होता म्हणे. लाजेने आम्ही वाजवणंच सोडलं.”

“त्याची आई मीच.”

“माफ करा, काँग.”

“माफी कसली? ही सुपारी घ्या. माझ्यामागे त्याला हाक मारणारं कोणी उरलं नसतं. तुमच्या कॅसेटमुळे आता पोरंसोरंही त्याला हाक मारतात.”

“मग पुन्हा वाजवू?”

“वाजवा की. फक्त घाई करू नका. माणूस लांब गेलेला असला की आम्ही सावकाश हाक मारतो.”