तिरक्या आरशाची खालची बाजू

जर्मनीतल्या येना शहराच्या ट्राममध्ये पुढच्या बाकावर आरशांचे आराखडे करणारी दोघं अशी तावातावाने बोलत होती, की मी शाळेचं पुस्तकच मिटलं!

“थोर्बेन, आपल्या आरशातून गाडीच्या काचेवर पडणारा वेगाचा आकडा स्पष्ट आणि त्याखालचा बाण नुसता फराटा? संगणकाला तपासायला बिंदू कुठे दिलेस?”

“वरच्या अर्ध्यात, केसलरबाई. खालचं आपोआप तसंच येतं ना?”

“गोल भिंगात येतं, राजा! हा आरसा तिरका आहे, वर-खाली सारखा नाही. खाली बिंदूच नाही, तर संगणक तिकडे कशाला बघेल?”

“मग खाली बिंदू घालून त्यांना वरच्यांपेक्षा दहापट महत्त्व देतो.”

“म्हणजे आता वरचं बोंबलेल!”

“पण चाचणीत सगळं झकास होतं.”

“चाचणी कुठल्या बिंदूंवर घेतलीस?”

“त्याच.”

“अरे देवा! कारखान्यात आरसा कापायला कधी घेणार?”

“जेवण झाल्यावर. म्हणजे... आत्ताच.”

“फोन लाव!”

“कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत.”

“मग उतर आणि पळ!”

ट्राम थांब्यावरून निघत होती, दार मिटत होतं. त्याला उतरता यावं म्हणून मी फटीत पाय घातला.