सुयांखाली हलायचं नाही

नाही हो, वाढवलेली नाही दाढी, वाढलीय! वाढवणं वेगळं, वाढणं वेगळं... आणि हात लावू नका, लांबूनच बघा. तोंड धुवायचं ते साध्या पाण्याने, उन्हात जायचं नाही, आणि वस्तऱ्याचं तर नावच काढायचं नाही अजून दोन-तीन दिवस, असं बजावलंय. कोणाला? ज्याने उभा जन्म लोकांच्या दाढ्या करण्यात घालवला त्याला! सकाळी उठलो की हात आपसूक वस्तऱ्याकडे जातो, त्याला वाटेतनं परत आणावं लागतं. आणि हे सगळं कशापायी? तर एका वाक्यापायी. "आबा, हलायचं नाही!"

तुम्हाला सांगतो, हे वाक्य मुळात माझं आहे. माझ्या दुकानातलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं, साबणाचा फेस फासला, की मी म्हणायचो, "आता हलायचं नाही हं." मग मोठमोठ्या आवाजाचे, घरादाराला धाकात ठेवणारे, माझ्या वस्तऱ्याखाली कसे गरीब गाईसारखे बसायचे! बोलायचो मी. त्यांनी नुसतं ऐकायचं. बोलणार कसे, गळ्यावर पातं! तर अशी माझी सवय, म्हणजे बोलायची माझी आणि न हलायची दुसऱ्याची... आणि परवा मला बसवलं की हो खुर्चीत!

माझा चेहरा तुम्ही बघताच आहात. लहानपणी देवी आल्या, आल्या तशा गेल्या, पण खड्डे ठेवून गेल्या. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. वस्तरा जरा जपून न्यावा लागतो, एवढंच. आमच्या हिने लग्नात हा चेहरा पाहिला तेव्हा ती काही बोलली नाही, अजूनही बोललेली नाही, तेव्हा मीही विषय काढत नाही.

तर माझी नात. थोरल्याची मुलगी. ती त्वचेच्या दवाखान्यात काम शिकते. त्या कामाला ती म्हणते मायक्रोनीडलिंग. माझी जीभ तिथे अडखळते, मी आपलं टोचणकाम म्हणतो. "आबा, एक पेनासारखं यंत्र असतं, त्याच्या टोकाला केसाएवढ्या बारीक सुया. ते फिरवलं की कातडीला बारीक बारीक भोकं पडतात. कातडीला वाटतं, जखम झाली! मग ती आतून दुरुस्तीला लागते, नवा भराव घालते, खड्डे हळूहळू उथळ होतात."

मी म्हटलं, "म्हणजे कातडीला फसवायचं?"

"तसंच म्हणा."

"बाळा, माझी कातडी जुनी आहे. तिने लबाड गिऱ्हाइकं पाहिलीत. ती फसेल का?"

हसली नाही हो पोरगी. एरवी माझ्या फुसक्या विनोदालाही हसते. तेव्हाच समजलं, काहीतरी बिनसलंय. मग हळूहळू बाहेर आलं. तिची परीक्षा होती. डॉक्टरीणबाई समोर उभ्या राहणार, आणि हिने जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर काम करून दाखवायचं. एकदा झाली होती. हात थरथरला. बाईंनी यंत्र हातातून काढून घेतलं आणि स्वतः काम पुरं केलं. आता ही शेवटची संधी. "नाही जमलं तर दुसरं काम बघ म्हणाल्यात, आबा." आणि पोरीने सरावासाठी घरात संत्री टोचून ठेवलेली! टोपलीभर संत्री, सगळ्यांना भोकं! आठवडाभर आम्ही टोचलेली संत्री खातोय.

आणि माणूस मिळेना. तिचा बाप म्हणाला, "परवा मला काम आहे." तारीख सांगायच्या आधीच म्हणाला! तिची आत्या म्हणाली, "माझा चेहरा आहे गं तो, सरावाची पाटी नाही." आणि आमची सूनबाई, म्हणजे सख्खी आई, "मला बाई रक्त बघवत नाही." अगं, रक्त तुझं, गाल तुझा, तू कशाला बघतेस, तू डोळे मीट! पण नाही. मग पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. काही मागितलं नाही तिने. नुसती बसली, आणि माझ्या गालाकडे बघत राहिली. आता तुम्हीच सांगा, असं गालाकडे बघत बसलेल्या नातीला काय सांगायचं? वर मला सुईची भीती. वस्तरा चालतो, सुई नाही! कोणाला सांगायची सोय नाही, न्हाव्याला सुईची भीती म्हटलं तर लोक काय म्हणतील?

गेलो. पांढरीफेक खोली, थंडगार, वर डोळ्यांत घुसणारा दिवा. आधी प्रश्न. "रक्त पातळ करायची गोळी घेता का?" नाही हो, माझे पातळ झाले ते केस. "साखर?" चहात दोन चमचे. "जखम भरल्यावर गाठीसारखी वर येते का?" नाही. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या खोलीत हसायची पद्धतच नव्हती. मग चेहऱ्याला बधिर करायचं मलम फासलं आणि पाऊण तास तसंच बसवलं. हळूहळू काय झालं, गाल गेले. मग ओठ गेले. हात लावून बघावं तर हात लावायचा नाही! बोलायला गेलो तर जीभ एकटीच फिरतेय, ओठ कामावरच नाहीत. जन्मात पहिल्यांदा, तुम्हाला सांगतो, मी गप्प.

मग मलम पुसलं, औषधाने चेहरा स्वच्छ केला, आडवं केलं, आणि यंत्र सुरू झालं. घुर्रर्र... आमच्या केस कापायच्या मशीनसारखाच आवाज. पण त्या मशीनमागे मी असायचो! नात माझ्या डोक्याशी, हातमोजे घातलेली. बाई पायाशी. "कर सुरू," एवढंच म्हणाल्या. आणि नात माझ्या कानात म्हणाली, "आबा, हलायचं नाही!"

टेकलं गालाला. दुखलं? तसं नाही. मुंग्यांची वरात चालल्यासारखं वाटलं. पण मला मुंग्यांचं काय पडलं होतं! मला कळत होता तिचा हात. थरथरत होता. हाताची थरथर कातडीला कळते हो, कातडी कितीही बधिर करा. माझ्या हाताखाली शिकायला आलेले किती जण असेच थरथरले. पण तेव्हा मी मागे उभा असायचो, म्हणायचो, "सावकाश, घाई नाही." आता मी खाली! तोंड बंद! बाईंचा बूट वाजला. एक पाऊल जवळ आल्या. आता यंत्र काढून घेतात, आता घेतात... आणि त्या गडबडीत मी काय केलं माहितीये?

गाल फुगवला.

अहो सवय! गिऱ्हाइकाने गाल फुगवला की कातडी ताणली जाते, नवख्याचा हातसुद्धा सरळ जातो. जन्मभर लोकांना सांगितलं, "फुगवा गाल, फुगवा!" मला वाटलं पोरीला मदत होईल. एक गाल फुगवून डोळे मिटून पडलो, बेडकासारखा. यंत्र झटक्यात वर उचललं गेलं. घुर्रर्र नुसतं हवेत.

"थांब," बाई म्हणाल्या. "हे काय करतायत?"

मेलो. संपलं. पोरीची नोकरी माझ्या गालात अडकली! हवा सोडावी तर हलल्यासारखं होईल, धरावी तर... मी आपली धरूनच ठेवली. आणि वरून काय ऐकू आलं? फिस्स! नात हसली हो! लहानपणी दुकानाच्या पायरीवर बसून गाल फुगवलेल्या गिऱ्हाइकांना हसायची ना, तसंच अगदी. "बाई, हे दाढीला बसलेत," म्हणाली. "आबा, सोडा गाल. आणि आता खरंच हलायचं नाही!"

"परीक्षेत हसू नकोस," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "पुढे चालू दे."

दोन बोटांनी गाल ताणला पोरीने, आणि यंत्र टेकलं. आणि तुम्हाला सांगतो, हात स्थिरावला होता! थरथर नाही, काही नाही. एका गालावरून दुसऱ्या गालावर सरळ गेली.

मग कपाळ. आणि कपाळापाशी माझा जीव पुन्हा टांगणीला! घरी ती घोकत असायची, "गालावर खोल, कपाळावर उथळ, खाली लगेच हाड." म्हणजे सुयांची खोली कमी करायला हवी आधी. केली का हिने? यंत्र तर कपाळाजवळ आलं... बाई चिडीचूप. मुद्दाम गप्प होत्या त्या! मला ओरडायचं होतं, उथळ गं, उथळ! पण ओठ कुठे होते? यंत्र अगदी भुवईपर्यंत आलं आणि... थांबलं. कर्र, कर्र. खोली कमी करायची चकती फिरवली! मी आतल्या आत असा सुस्कारा सोडला की छातीवरचं कापड हललं. "आबा!" हो बाळा, नाही हलत.

तर कपाळ निम्मं झालं होतं, पोरीचा हात एकसारखा चालला होता, परीक्षा अजून संपायची होती. आणि तेवढ्यात डॉक्टरीणबाई माझ्याजवळ वाकल्या, पहिल्यांदाच गोड आवाजात. "आजोबा, एका खेपेत खड्डे भरत नाहीत, तीन-चार वेळा तरी यावं लागतं. दर दीड महिन्याने या. आमच्या बाकीच्या मुलींच्याही परीक्षा आहेत, त्यांना असा चेहरा कुठे मिळायचा! चालेल ना? नसेल चालत तर नुसती मान हलवा."

पोरगी पास झाली. घरी लालबुंद तोंड घेऊन आलो तर आमची ही इतक्या वर्षांत पहिल्यांदा चेहऱ्यावर बोलली, "काय हो, उन्हात झोपला होतात?" आणि आता दाढीचे खुंट आलेत, त्यात खड्डे किती भरले ते कोणालाच दिसत नाही. पुढची मुलगी दीड महिन्याने. म्हणे तिचा हात हिच्यापेक्षा जास्त थरथरतो.

तुम्ही म्हणाल, 'नाही' का म्हटलं नाहीत? अहो, कसं म्हणू? ओठ बधिर, कपाळावर सुया, आणि नाही म्हणायला मान हलवावी लागते...