शिक्क्यावरचं कुंकू

(देवळीच्या जिनात बायलरवर काम करणाऱ्या शिवरामजींनी सांगितलं, तसंच उतरवून घेतलं.)

मी मूळचा आंजीचा, मोठ्या आंजीचा. बाप आमचा गावची कामं करे, म्हंजे मेलं ढोर ओढ, चिठ्ठी घेऊन दुसऱ्या गावी धाव, पाटलाच्या दारात लाकडं फोड, अन् माय लोकाइच्या वावरात निंदाले जाये. आमाले वावर नाई, तवाही नव्हतं अन् आताही नाई. मले मिसरूड फुटाच्या आधीच मामानं देवळीले आनलं, जिनात. जीन तं मालूम असन तुमाले, कापसातून सरकी अलग काढाचा कारखाना. पहिले मी गाठोडे उचलले, मंग बायलरच्या तोंडाशी लाकडं टाकाले लागलो, अन् त्या आगीपाशीच मोठा झालो म्हना ना. ह्या भिवया पाहा माह्या, तवापासून धड उगवल्याच नाई. जना, माही बायको, म्हनते का लगनात मले वाटलं नवरदेवाच्या भिवया कोन चोरून नेल्या.

आता बायलर म्हंजे काई खेळ नोय. भाप जास्त झाली अन् तुमचं ध्यान नसलं तं आख्खं जीन उडन. म्हून सरकारचा कायदा हाय का ज्याच्यापाशी परीक्षेचा कागद हाय त्यानंच बायलर चालवाचा. अन् ह्या कागदाचे प्रकार तरी किती सांगू तुमाले, लहान बायलरचा अलग, मोठ्याचा अलग, इंजिनाचा तिसराच, त्याच्यात पुन्हा दर्जे, अन् रेल्वेवाल्याचा कागद जिनात चाले नाई, जिनवाल्याचा गिरणीत चाले नाई. भाप सगळीकडं एकच, कागद मातर हज्जार. तरी मी दिली परीक्षा. नागपूरले जाऊन दिली. सायबानं मले उभंच ठेवलं, बाकीच्याइले बसवलं, पन सवाल बराबर इचारले, अन् मी पास झालो. आमच्या मोहल्ल्यात शिक्क्याचा कागद आननारा मी पहिला. माय त्याच्या पाया पडली. वाचता कुठं येत होतं तिले, तिनं शिक्का पाह्यला अन् रडली.

जिनात रिवाज असा का मुख्य मिस्त्रीचा कागद बायलरच्या खोलीत भिंतीवर टांगाचा, इन्स्पेक्टर आला का पहिले तेच पाह्यते. मी मिस्त्री झालो तसा खिळा ठोकला अन् कागद पुठ्ठ्यावर चिकटवून टांगला, काच नाई काई नाई. अन् दसऱ्याले तिथं पूजा होये. मुनीमजी, म्हंजे शेठचा कारभारी, थाली घेऊन येत, मशिनीले टिळा, वजनकाट्याले टिळा, बायलरले टिळा, अन् माह्या कागदालेही टिळा, ओल्या कुंकवाचा, बराबर शिक्क्यावर, काऊन का शिक्का म्हंजे सरकार, अन् सरकार प्रसन्न तं लक्ष्मी प्रसन्न, असं ते म्हनत. मले? मले नाई लावला कधी. मी दाराबाहेर उभा. आमची जात ती. माह्या हातानं चालनारा बायलर त्याइले चाले, माहं कपाळ चाले नाई. अन् काय सांगू तुमाले, मी खुश होतो हो! आपल्याले नाई तं नाई, आपल्या कागदाले तं लावला, असं म्हने मी घरी येऊन. जना म्हने, मंग त्या कागदालेच जेवू घालते मी आज. दरसाल कुंकू, दरसाल त्याच जागी, तो शिक्का पार लाल होऊन गेला अन् मी त्याच्याकडं पाहून छाती फुगवे.

मंग नागपूरले आमी दीक्षा घेतली, दसऱ्याच्याच दिवशी, मी, जना, दौलत, सारे. दौलत म्हंजे जनाचा भाऊ, माह्याच हाताखाली बायलर शिकला, परीक्षाही त्यानं माह्याच पाठी लागन्यानं दिली. त्या दिवसापासून आमच्या घरातून देव गेले, कुंकू गेलं, सगळं गेलं. त्याच्या पाठोपाठ नागपूरची राजधानी भोपाळले गेली अन् आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला. अन् थोड्या दिवसानं वर्ध्याले सभा झाली, कारखान्यातल्या मिस्त्री लोकाइची. सरकारचा सायब चांगला बोलला, खोटं काऊन बोलू. तो म्हने, ही कागदाची खिचडी दिल्लीनं बंद केली, आता साऱ्या देशात एकच परीक्षा, एकच कागद, एकच नाव, इथं पास झालेला मानूस कलकत्त्याले जावो का मद्रासले, कोनी इचारनार नाई. जुने कागद जमा करा, नवा घेऊन जा. सोपं काम.

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरानं मीच वाजवल्या. दौलत म्हने, भाऊजी, जे चालून राह्यलं ते काऊन हालवता? मी म्हनलं, तुले समजत नाई बावा, हे आपल्यासारख्यासाठीच हाय, एक कागद म्हंजे मंग तू कोनाचा, कुठचा, हे इचारनंच बंद. खरंच वाटलं होतं मले तसं. आताही आठवलं का डोक्यात आग होते.

वर्ध्याच्या हपिसात बाबूनं माहा कागद उजेडाकडं धरला अन् म्हने, हे काय हो? मी म्हनलं कुंकू. तो म्हने, शिक्का दिसत नाई, नंबर दिसत नाई, सही दिसत नाई, कायचा कागद हा? मी धोतराचा सोगा ओला करून पुसाले गेलो तं कुंकू तसंच अन् शाईच निघाली. बाबू हसला. मानूस वाईट नव्हता, पन हसला. दौलतचा कागद साफ, डाग नाई, काऊन का तो कधी टांगलाच नव्हता, घरी पेटीत लुगड्याच्या खाली होता. त्याले नवा भेटला. माहा जमा करून घेतला अन् म्हने, जुना आता रद्दच हाय, मूळ दप्तरातून दाखला आना मंग पाहू. मी नागपूरच्या जुन्या हपिसात गेलो तं म्हनते दप्तर भोपाळले गेलं. भोपाळचं पत्र आलं का वर्ध्याचे कागद मुंबईले देले. मुंबईवाले म्हनते नागपूरले इचारा. पहिले कागद लय होते पन हपिस एक होतं, जाऊन भांडता तरी येत होतं. आता कागद एक केला अन् भांडाले मानूसच सापडत नाई. ह्याले सोपं म्हनतात! मानसाले इचारा ना, बायलरपाशी उभा करा, पाहा येते का नाई. नाई. कागद पाह्यजे.

अन् मले सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? ज्या देवाले मी सोडलं त्याचं कुंकू माह्या कागदावरून जाईना. माह्या कपाळाले जे कधी लागलं नाई, त्यानंच माही भाकर नेली.

हंगाम सुरू झाला तं मुनीमजी म्हने, शिवराम, तू बिनकागदाचा, मी काय करू. ते कुंकू तुमीच लावलं, म्हनलं. ते म्हने, मी तं भल्यासाठीच लावलं. घ्या आता! दौलत झाला मिस्त्री अन् मी पुन्हा लाकडं टाकाले. पहिल्या दिवशी दौलतनं आगपेटी माह्यापुढं धरली, म्हने भाऊजी, तुमीच पेटवा. मी म्हनलं, कागद तुहा हाय, तूच पेटव, अन् माह्याकडं पाहू नोको, भाप पाह्य. लय तोडून बोललो. घरी जना म्हने, त्याच्यावर काऊन भडकता? बराबर हाय तिचं. पन भडकू कोनावर, मुंबईवर?

आता यंदाच्या दसऱ्याले मुनीमजी थाली घेऊन आले. दौलत बिचारा बाजूले सरकून उभा. मुनीमजीनं बोट कुंकवात बुडवून त्याच्या कागदाकडं नेलं तसा मी मधात गेलो अन् कागदावर हात ठेवला, काजळीनं काळा झालेला हात. म्हनलं, मुनीमजी, नाई. ते म्हने, अरे शुभ असते. मी म्हनलं, इतके वर्स लावाचं होतं तं मानसाले लावा लागत होतं, कागदाले नाई. अन् आता मानूसही लावून घेत नाई. ते थाली घेऊन वळले अन् बायलरले टिळा लावून गेले. नोकरी जाईन वाटलं होतं, गेली नाई. लाकडं टाकनारा कुठं भेटते स्वस्तात.

आता मुंबईचं पत्र आलं हाय का पुन्हा परीक्षाच द्या, नव्यानं, पोट्ट्याइच्या संग बसून. देईन, काय करू. तुमी लिहिता-वाचता मानसं, तुमचे कागद सुखाचे राहो, साफ राहो. दौलतनं आपला कागद टांगाले दुसरा खिळा ठोकला, माह्या खिळ्याले हात नाई लावला त्यानं. तो अजून भिंतीत हाय, रिकामा. लाकडं टाकता टाकता मी रोज पाह्यतो त्याच्याकडं.