कमी करण्यासारखं काही

(सोलापूर, सात रस्ता. हृदयाच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेरचा बाक. दोघी सख्ख्या बहिणी नुकत्याच तपासून घेऊन बाहेर आल्या आहेत.)

सिद्धेश्वरी : माझी गोळी अर्धी झाली, आन् तोंड तुझं उतरलंय.

शिवलीला : काहीतरीच. डॉक्टरांसमोर हसले की मी.

सिद्धेश्वरी : हसलीस. मामा तुझ्या मापाचा फ्रॉक आणायचा, तवा मी हसायची तसं.

शिवलीला : अक्का, दोघींचे ठोके एकाच वर्षी चुकायला लागले. तुला म्हणाले, वजन उतरवा. तू उतरवलंस, ठोके ताळ्यावर आले. आणि मला आत्ता काय म्हणाले? तुमचं वजन अगदी बरोबर आहे.

सिद्धेश्वरी : मग बरंच हाय की.

शिवलीला : बरं कसलं? गोळ्या घ्यायच्या आणि वाट बघायची. तुझ्याकडे कमी करण्यासारखं काहीतरी होतं तरी.

सिद्धेश्वरी : अगं बाई. जन्मभर हत्तीण म्हणून घेतलं मी. तुझ्या लग्नात तुझ्या शेजारी फोटोला उभी राहिले न्हाय. माझ्या ढेरीवर कुणी जळंल, असं वाटलं नव्हतं.

शिवलीला : जळते. खोटं कशाला बोलू?

सिद्धेश्वरी : म्हणून शेंगापोळ्या व्हय?

शिवलीला : कुठल्या?

सिद्धेश्वरी : दर बाजाराला तुझे दाजी सोलापूरला आले की त्यांच्या हाती दुधनीला आमच्या घरी धाडतीस त्या. वर तुपाची वाटी. एरवी तुझ्या घरी आले तर चहात साखर घालतानाबी हात आखडतीस.

शिवलीला : खाल्ल्यास?

सिद्धेश्वरी : पहिला डबा खाल्ला. डोळं पुशीत खाल्ला, बहिणीला माया आली म्हणून. मग ध्यानात आलं, माझं वजन उतरतंय असं फोनवर सांगितलं, त्याच आठवड्यात ही माया सुरू झाली.

शिवलीला : वाटायचं, तू होतीस तशी झालीस की आपण दोघी सारख्या. मग एकटीनं घाबरायला नको. सख्ख्या बहिणीबद्दल असं वाटतं का गं कुणाला?

सिद्धेश्वरी : मला वाटायचं की. तू बाळंत झालीस तवा म्हटलं, आता तरी ही अंगानं सुटंल. न्हाय सुटलीस.

शिवलीला : चेष्टा नको ना अक्का.

सिद्धेश्वरी : न्हाय करत. भ्या कशाचं वाटतंय, ते नीट सांग.

शिवलीला : माझी धनू अजून बालवाडीतही जात नाही. मला काही झालं तर... आणि तिलाही आपल्यासारखंच असलं तर? दुपारी झोपली की तिच्या छातीला कान लावते मी.

सिद्धेश्वरी : मग? काय ऐकू येतं?

शिवलीला : माझंच. माझीच धडधड इतकी होते, की तिचं काही कळत नाही.

सिद्धेश्वरी : रडू नको. लोक बघत्यात. दुधनीची गाडी संध्याकाळची धरीन मी, आधी तुझ्या घरी जाऊ.

शिवलीला : कशाला?

सिद्धेश्वरी : पोरगी झोपली की मी लावते कान. माझं आता शांत हाय.